मामांची गव्हाण

मामा गेल्याचा निरोप बाजारहत्नूरहून आला तेव्हा आई रडली नाही. "कोणी नीट पाह्यलं काय?" एवढंच तिनं विचारलं. सहजासहजी विश्वास ठेवायचा नाही, ही दोघा भावंडांची खोडच. मामा तर घरच्या दुधाचाही आधी वास घ्यायचे. मला त्यांचा राग यायचा, आणि आता आईखेरीज त्यांच्यासारखं संशयानं बघणारं कुणी उरलं नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं...

राज्यांची फेररचना झाली तेव्हा आईचं सासर किनवटकडे, मुंबई राज्यात गेलं आणि माहेर आंध्रात राहिलं. तेव्हापासून पलीकडून आलेली कुठलीही वस्तू मामा आधी उलटीपालटी करून बघत. त्याच सुमारास पोळ्याच्या तोंडावर त्यांचा एक बैल दगावला. आईनं आमच्या गोठ्यातला तांबडा बैल धाडला. थोड्याच दिवसांत सांगावा आला, जनावर घेऊन जा. आम्ही पोचलो तर बैल चिंचेखाली एकटाच बांधलेला. तोंडातून लाळेच्या तारा, घेतलेला घास तसाच खाली पडत होता. मामांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"खुरकूत हाय. रोगी जनावर माह्या गळ्यात मारलं तुमी लोकायनं."

'तुमी लोक' हे आईला फार लागलं. तशीच परत फिरली असती तर तिचं माहेर त्या दिवशी संपलं असतं. पण तिनं बैलाचा ओठ उलटवला. हिरड्या लालबुंद, जिभेची साल निघालेली. मग खाली बसून तिनं चारी खुरांच्या बेचक्या बोटांनी चाचपल्या. कुठंच फोड नव्हता.

"खुरकूत असतं तं खुरं अशी राह्यली असती काय, दादा?"

आता संशय तिला आला होता. ती थेट गोठ्यात गेली. नणंदेचा बैल येणार म्हणून मामीनं हौसेनं गव्हाणीला ताजा चुना फासला होता आणि कडेचा चुना चाटून चाटून गेला होता. आईनं त्यावर बोट फिरवून जिभेला लावलं आणि थुंकली. "हे चाटून राह्यला होता तो."

मामी रडायला लागली. चुकलं असं मामा म्हणाले नाहीत... खुरपं घेऊन त्यांनी सगळी गव्हाण खरवडली आणि मातीनं लिंपली. बैलाची खुरं मात्र पुढेही कितीतरी दिवस चोरून बघत होते.

परवा आम्ही गेलो. मामेभावानं सगळं घर चुन्यानं पांढरं केलं होतं. आई काठी टेकत थेट गोठ्यात गेली, गव्हाणीवर तिनं बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मातीच हाय," ती म्हणाली, आणि तिथंच बसून रडली.