उजवा हात कानापर्यंत

रजा अठ्ठावीस दिवसांची होती. एकोणिसाव्या दिवशी सकाळी आठ वाजता पोस्टमन तार घेऊन वस्तीवर आला. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. साल एकोणीसशे पासष्ट. आमची वस्ती शिरूरपासून चार मैलांवर, घोडनदीच्या काठाला. दौंडहून दुपारी चारला गाडी होती.

तार घेतली तेव्हा माझा उजवा हात अंगापासून वीतभर लांब होता. तो जवळ घेता येत नव्हता.

कॉलेजातल्या सरांनी सैनिकी आठवण लिहायला सांगितली, तेव्हा लढाईचं लिहावं असं वाटलं. पण मी लढाई पाहिलेली नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच आहे. काखेतल्या गाठीवर लिहिलेलं इथं चालतं की नाही, ठाऊक नाही. घडलं तेच लिहितो.

भरती झाल्यावर दुसऱ्या वर्षी काखेत पहिली गाठ आली. आमच्याकडे तिला काखमांजरी म्हणतात. ती येते, पिकते, फुटते आणि जाते. माझी जात नव्हती. महिना-दोन महिन्यांनी त्याच जागी, कधी शेजारी, कधी जांघेत पुन्हा यायची. पॅकचा पट्टा घासला की डोळ्यांपुढे अंधारी यायची.

पलटणीत दर महिन्याला डॉक्टरसाहेब सगळ्यांना ओळीत उभं करून तपासत. हवालदार ओरडायचा, "हाथ ऊपर!" मी आदल्या दिवशी गाठ पिळून, वर पावडर लावून उभा राहायचो. पिळल्यानं ती आत पसरते हे मला माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की मेडिकल कॅटेगरी खाली गेली की हातातली मशीनगन जाते आणि स्टोअरमधल्या घोंगड्या झटकाव्या लागतात.

सेक्शनच्या मशीनगनवर मी नंबर एक होतो. नंबर दोन होता शिपाई शांतवन साळवे. मी फायर करायचो, तो मॅगझिन द्यायचा. तो शिरूरच्या मिशन कंपाउंडमधला. त्याची आई दवाखान्यात नर्स होती. माझी गाठ फक्त त्याला माहीत होती. रूट मार्चला तो माझा पॅक स्वतःच्या पॅकवर चढवायचा आणि वर बोलायचा.

"तुझ्या काखंत कोंबडी बसलीया. दर म्हैन्याला अंडं घालती."

"गप चाल."

"आईला दाखव एकदा."

"तुझ्या आईला काख दाखवू?"

"मग काय तोंड दाखवतो? त्ये बी काय लई बरं न्हाई."

त्या वेळी रजा दोघांना बरोबरच मिळाली होती. दुसऱ्या आठवड्यात गाठ लिंबाएवढी झाली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती पाहिली. आमची माणसं आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन फिरत होती. जनावराला गाठ आली की तापलेल्या विळ्याचा डाग द्यायचा, हा आबांचा इलाज.

"मेंढराची गाठ बसती. माणूस काय येगळा हाय व्हय?" आबा म्हणाले.

अठराव्या दिवशी दुपारी मी स्वतःच हात वर धरला. आबांनी डाग दिला. आबांचा दोष नाही. मी नको म्हणालो नाही. पलटणीच्या डॉक्टरपेक्षा मला विळा बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी तार आली. दहा वाजता शिरूरच्या स्टँडवर शांतवन भेटला. त्याला जखमेचा वास आला. त्यानं माझी ट्रंक उचलली आणि मला सरळ त्याच्या घरी नेलं. त्याच्या आईला मी मावशी म्हणायचो. त्यांनी सदरा कापूनच काढला.

"ह्ये कुणी केलं?"

मी सांगितलं.

"वरनं भाजलं, आन् पू आत कोंडला. ताप बी हाय तुला. आजच्या आज डॉक्टरला दाखव."

"मावशी, गाडी चुकंल."

त्यांनी जखम धुऊन पट्टी बांधली. मग मुलाकडे पाहिलं.

पावणेअकराची एसटी न्हावऱ्यावरून दीड वाजता दौंडला पोहोचली. वाटेत मी शांतवनला दोनदा सांगितलं, तोंड उघडायचं नाही. तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

प्लॅटफॉर्मवर रजेवरून परतलेल्यांची ओळ लागली होती. टेबलाशी एक सुभेदार आणि एक तरुण डॉक्टर होते. माझी पाळी आली.

"हाथ ऊपर!"

डावा वर गेला. उजवा खांद्यापर्यंत गेला.

"दूसरा भी."

"साब, बस में झटका लगा. ठीक है."

डॉक्टर पुढच्याकडे वळले. तेवढ्यात मागून शांतवन म्हणाला, "साब, इसकी बगल देखिए. तीन साल से छुपा रहा है."

पट्टी सोडली गेली. डॉक्टरांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. पुण्याचं मिलिटरी हॉस्पिटल. गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. शांतवन दारात उभा होता.

"पत्र लिही," तो म्हणाला. "शिव्या लिही, पर लिही."

मी म्हणालो, "तुझं-माझं काय न्हाई आता." त्यानं हात पुढे केला होता. मी माझा दिला नाही. डावा तर चांगला होता.

हॉस्पिटलमध्ये गाठ कापली. सर्जनसाहेबांनी समजावलं, ही घाण नाही, कुणाला लागत नाही, तुमची चूकही नाही. ती पुन्हा येईल. जाईल असं मी सांगत नाही, सांभाळायला शिका. चौदा दिवस मी शांतवनला पत्र लिहिलं नाही. पंधराव्या दिवशी आमच्या कंपनीचा एक जखमी वॉर्डात आला. त्याच्याकडून कळलं, शांतवन लढाईत पडला. मशीनगन त्याच्याकडे होती. नंबर एकच्या जागी.

मला खालची कॅटेगरी मिळाली. दोन वर्षं स्टोअरमध्ये काढून मी घरी आलो आणि मॅट्रिक झालो.

घरी आल्यावरही मावशींकडे जायला मला चार महिने लागले. दौंडला मी काय बोललो ते त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीच त्याला खुणावलं हुतं, सांग म्हणून." मग पाणी तापत ठेवलं.

गेली दोन वर्षं दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी तिथं जातो. त्यांनी शिकवलं तसं वागतो. गाठ पिळायची नाही. गरम पाण्याच्या फडक्यानं शेकायची. सैल सुती बंडी घालायची. काखेला वस्तरा लावायचा नाही. दुखायला लागली की त्याच दिवशी सांगायचं, हे सगळ्यात अवघड. गाठी अजून येतात. पण कमी येतात, आणि मी सांगतो. आबाही आता फडक्यानंच शेकून देतात. विळा गवताला वापरतात.

मागच्या शनिवारी पट्टी सोडून मावशी म्हणाल्या, "हात वर."

उजवा हात कानापर्यंत गेला. इतका तो पाच वर्षांत गेला नव्हता. त्यांनी तो मनगटाला धरून तसाच थोडा वेळ ठेवला.

"ह्ये बघाया शांतवन पायजे हुता," त्या म्हणाल्या.

शिपाई शांतवन साळवे, राहणार शिरूर. मशीनगन नंबर दोन. शेवटचे अकरा दिवस, नंबर एक.