गालावरचा तीळ

१९ सप्टेंबर. कीटकनाशक फवारताना घ्यायच्या काळजीवरच्या ॲनिमेशन फिल्मचा स्टोरीबोर्ड दुसऱ्या दिवशी पुण्याला, ॲनिमेशन करणाऱ्यांकडे पाठवायचा होता. यवतमाळच्या आमच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत मी वामनकाकांच्या चौकटी तपासत होते. एका चौकटीवर अडले. शेतकऱ्याला चेहरा होता.

वामनकाका तेव्हा आमचे चित्रकार होते. आता ते हयात नाहीत. स्टोरीबोर्डात ते चेहरा कधीच काढत नसत. डोक्याला गोळा, हाताला रेघ. मी कुरकुरले की म्हणत, "बाई, हा नकाशा हाय. नकाशात झाडाची पानं कोनी काढते काय? हात हालते, तं हात काढा. जास्त काढलं तं पुन्याचे पोट्टे तसंच्या तसं उतरवतीन."

इथे मात्र कपाशीत पंप पाठीवर घेतलेला माणूस होता. गालावर तीळ, कॉलर उसवलेली. पुढच्या चौकटीत तोच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कोसळलेला.

"काका, हा कोण?"

"शंकर. आमच्या बाजूचा."

बाभुळगावचा त्यांचा हा शेजारी गेल्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने गेला, एवढं मला माहीत होतं.

"चेहरा पुसा. त्याची बायको बघेल ही फिल्म."

काका पेन्सिलीला टोक करत राहिले. "हवा उलटी होती, बाई, फवारा आंगावरच येत होता. तो म्हने, उद्या फवारतो. मीच म्हटलं, उद्या पानी येईन, आजच उरकून टाक. गोळा काढून पाह्यला मी. हात वळत नाही."

"हे तिला सांगितलंत?"

"कोन्या तोंडानं सांगू?"

मी खोडरबर उचललं आणि खाली ठेवलं. काकांच्या मनातली बोच तिने पडद्यावर का बघायची, हे मला पटत नव्हतं. पुसायलाही हात धजत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने मी ती चौकट घेऊन बाभुळगावला गेले. शंकरची बायको लता अंगणात भांडी घासत होती. हात पुसून तिने कागद घेतला आणि तिळावर बोट ठेवून बसली.

"काकानं काढलं?"

"हो. ठेवायचं की पुसायचं, तुम्ही सांगा." फवारायला कोणी सांगितलं, ते मी बोलले नाही. ते काकांनीच बोलायचं होतं.

"सांगीन. पन त्याईलेच सांगीन. हे गेले तेव्हापासून मागल्या दारानं येनं-जानं चालू हाय त्याईचं. मले काय दिसत नाही?"

मी पुण्याला फोन करून एक दिवस मागून घेतला. मग शेजारच्या, काकांच्या घरामागे गेले आणि त्या मागल्या दाराची कडी वाजवली.