खुशालच्या फोटोतला वाकडा धुरा

खुशालचा फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला तेव्हा प्रत्येकाला त्यात आपापले घर सापडले. मला माझा धुरा, म्हणजे वावराचा बांध, सापडला. तो वाकडा होता.

फोटो बारा फूट लांब, दोन फूट उंच, गिरडच्या टेकडीवरून काढलेला. अख्खा शिवार त्यात मावला होता. टेकडीच्या पायथ्याशी माझे दोन एकर वावर, त्याच्या पलीकडे लक्ष्मणरावचे. मधला धुरा एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत सरळ आहे. फोटोत तो मध्येच फुगून माझ्या वावरात आला होता.

लक्ष्मणराव बाजूलाच उभा होता. म्हणाला, "मस्त काढला फोटो पोट्ट्यानं."

मला तिथेच शंका आली.

खुशाल काही पोट्टा नाही. चाळिशीला आला. समुद्रपूरला त्याचे फोटोचे दुकान होते. मोबाईल आले, दुकान बसले. आता बायको मंजुषा आणि तो वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवून बाजाराला नेतात. कॅमेरा मात्र त्याने विकला नाही. दोन हिवाळे मी त्याला सकाळी सकाळी तिपाई खांद्यावर घेऊन टेकडी चढताना पाहत होतो. कोणी सांगितल्याशिवाय माणूस एवढे कष्ट करत नाही, असे माझे मत. एकतीस वर्षे मी रस्त्याच्या गँगवर होतो. आधी वावराचे फोटो निघतात, मग त्यात रस्त्याच्या खुंट्या गाडतात, मग आम्ही फावडी घेऊन जातो.

मी त्याच्या घरी गेलो. तो पालकाच्या जुड्या बांधत होता.

"लक्ष्मणरावनं काय खाऊ घातलं रे तुले?"

"कायचं, काका?"

"माह्या वावरात धुरा घुसवला तू."

तो हसला. माझे तोंड पाहून थांबला.

मंजुषा आतून म्हणाली, "काल काकू येऊन गेल्या. त्या फोटोत दोनदा आल्या म्हने. एकदा वांग्यात, एकदा विहिरीपाशी. म्हनत होत्या, मी दोघींचं काम करते, आता पुरावा भेटला."

काकू म्हणजे माझी बायको विमलाबाई. मी हसलो नाही.

"काका, तो एक फोटो नाई," खुशाल म्हणाला. "तेवीस हायेत. एकाची कड दुसऱ्यावर चढवून जोडले. मी कॅमेरा फिरवून राह्यलो होतो, तवर काकू चालत पुढं गेल्या, म्हनून दोनदा आल्या. अन् धुऱ्याचा मधला भाग माह्या जवळ, दोन्ही टोकं लांब. गोल फिरून पाहिलेलं सपाट कागदावर मांडलं का सरळ रेघ वाकते."

"म्हंजे फोटो खोटा."

"एका नजरेत एवढा शिवार दिसते काय तुमाले? सगळा एका जागी पाहाचा असन, तं एवढं चालवून घ्या लागते."

ज्याचे काम चोख असते त्याला इतके बोलावे लागत नाही. मी सांगितले, फोटो उतरवायला लावतो आणि सरकारी मोजणीचा अर्ज टाकतो.

तो घाबरला. "फोटो उतरवला तं गावात कोनी मले कॅमेरा घेऊन वावरात पाय ठेवू देनार नाई, काका." मग म्हणाला, "तुमच्यापाशी गँगची दोरी हाये ना? दगड ते दगड दोरी लावा, वरून चुना टाका. मी पुन्हा फोटो काढतो. चुना सरळ अन् धुरा वाकडा आला, तं लक्ष्मणराव चोर. चुनाही वाकला, तं माह्या फोटोचा दोष."

हे मला पटले. ताणलेली दोरी खोटे बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मणरावला बोलावले. पलीकडच्या दगडाशी दोरीचे टोक त्याच्या हाती दिले.

"तान!"

"मी का तुह्या गँगवर हावो?" तो ओरडला. पण ताणली.

विमलाबाई दोरीवर चुना टाकत निघाली आणि मध्यावर थांबली. "अजी, चुना तं आपल्या वांग्यात पडून राह्यला."

"दोरी ढिली असन." मी पुन्हा ताणली. चुना वांग्यातच. धुरा दोरीपासून दीड हात पलीकडे, लक्ष्मणरावच्या बाजूला. आठ वर्षे माझा वखर वळताना धुऱ्याला घासत त्याची माती पलीकडे ढकलत होता. फोटोत धुरा माझ्याकडे फुगला होता. खरा तो त्याच्याकडे सरकला होता, आणि मीच सरकवला होता.

विमलाबाईने उरलेला चुना दगडापर्यंत टाकला. लक्ष्मणराव दगडापाशीच उभा राहिला, मध्यापर्यंत आला नाही.

मी टेकडी चढलो. खुशालने तिपाई तीनदा समतल केली. वारा पडायची वाट पाहिली. सोळा फोटो झाल्यावर ढगाची सावली आली. त्याने सोळाही टाकून दिले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा वारा, पुन्हा सुरुवात. चौथ्या खेपेला तेवीस पूर्ण झाले. कोणी हजेरी घेणारा नसताना. गँगवर असा माणूस मी एकच पाहिला होता, आणि त्याला लोक वेडा म्हणत.

टेकडीवरून डोळ्याला चुना सरळ दिसत होता. दुपारी घरी त्याने संगणकावर फोटो जोडला. चुना धनुष्यासारखा वाकला होता.

"पाहिलं ना, काका?"

मग त्याने मधला भाग मोठा केला. चुना, त्याच्या पलीकडे माझ्या वांग्याची एक ओळ, त्याच्या पलीकडे धुरा. त्याने संगणक बंद केला.

लक्ष्मणराव वावरात वाट पाहत होता. "काय निघालं?"

"फोटोचा दोष," मी म्हटले आणि फावडे घेतले.

वांग्याची ती ओळ उपटली. दोन दिवस खोदून, माती ओढून, धुरा चुन्यावर आणला. लक्ष्मणराव पाहत होता. काम संपल्यावर जवळ आला.

"आठ वर्षांपासून पाहून राह्यलो, बापूराव. म्हटलं, हा गडी कधी दोरी लावते."

"बोलला काऊन नाई?"

"तू आयकला असता?"

तो घरी गेला. मी फावडे धुतले. लक्ष्मणरावच्या घरी खुशाल रोज चहाला बसतो. आणि दोरीची गोष्ट खुशालने काढली होती, मी नाही.

धुरा सरकल्याचे त्याला आधीच ठाऊक होते का, हे मी अजून विचारलेले नाही. फोटो भिंतीवर आहे.