स्वयंपाकघरातून आलेली हाक

हे प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. तेव्हा मी हिंगोली जिल्ह्यात एका ठाण्याची प्रभारी होते. सकाळची हजेरी आटोपून ड्युटी वाटप चालू असताना दारात एक बाई आणि दोन मुली येऊन उभ्या राहिल्या. बाईला मी ओळखत होते. पुसेगावच्या पुढच्या एका वस्तीवर ती शेळ्यामेंढ्या पाळायची. मागे तिच्या शेळ्या चोरीला गेल्या होत्या. आम्ही त्या बाजारात पकडल्या आणि कोर्टाच्या आदेशानं तिला परत दिल्या. पोलिसांकडे गेलं की गेलेलं परत मिळतं, असा तिचा समज झाला होता.

"मॅडम, या बारीला पोरीची जागा चोरली," ती म्हणाली.

पोरगी जन्मापासून बहिरी. दिव्यांगांच्या राखीव जागेतून तिला पदवीला प्रवेश मिळाला होता, पण कॉलेज लांबच्या शहरात. वर्गात काय चाललंय हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. पहिलं वर्ष तिनं नुसती पुस्तकं वाचून काढलं. नियमानं कॉलेज बदलता येत होतं ते फक्त दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, तेही जागा असेल तर. घराजवळच्या कॉलेजात दिव्यांगांची एकच जागा रिकामी होती. सोबतची दुसरी मुलगी, तिची चुलत बहीण, तिथेच शिकत होती. ती खुणांनी सगळं समजावणार होती. ती जागा दुसऱ्याच एका कर्णबधिर मुलाला मिळाली.

"मग यात चोरी कुठं आली?" मी विचारलं.

मुलीनं हातवारे केले. चुलत बहीण सांगू लागली, "ती म्हणती, तो ऐकतो. माझ्यासंगं आमच्या कॉलेजात आली तवा तिनं पाहिलं, कँटीनमधी पाठीमागून कोणी जोक मारला की तो सगळ्यांसंगं हसतो. आमी बहिरे उशिरा हसतो, दुसऱ्यायची तोंडं पाहून."

एवढ्यावर गुन्हा दाखल होत नाही. मी तक्रार अर्ज घेतला आणि प्राथमिक चौकशी सुरू केली. मुलाचं बहिरेपणाचं प्रमाणपत्र ऑनलाइन तपासलं तर खरं निघालं. जबाबासाठी वस्तीवर गेले तेव्हा एक गोष्ट पाहिली. मुलीला बोलवायचं तर आई तिच्या पायाजवळ खडा टाकायची. त्या घरात तिला हाक कोणीच मारत नव्हतं. मारून उपयोग काय?

मग हवालदाराला घेऊन मुलाच्या घरी गेले. वडिलांचं खतं-बियाण्यांचं दुकान, वर ओळखी. मुलगा कानात नवंकोरं यंत्र घालून सोफ्यावर बसला होता. यंत्र लावूनही त्याला ऐकू येत नाही, असं वडिलांचं म्हणणं. मी विचारायचं, वडिलांनी कागदावर लिहायचं, मुलानं उत्तर लिहायचं.

"बाईसाहेब, लेकराला आधीच तकलीफ," वडील म्हणाले, "त्यात तुमी शक घेऊन राहिले."

त्या घरातल्या बायका परक्या पुरुषांसमोर बैठकीत येत नाहीत. माझ्यासोबत हवालदार होता, म्हणून मुलाची आई आतच थांबली होती. कप वाजले आणि पडद्याआडून आवाज आला, "बाळा, चहा नेऊन दे रे पाहुण्यायला."

मुलगा उठला. रोजची सवय. पडद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. वडील पंख्याकडे बघू लागले.

"जा की आता," हवालदार म्हणाला, "थंड होऊन राहिला."

मुलगा आमच्याकडे पाठ करून उभा होता. तरी वळला.

मग फेरतपासणी झाली. डोक्याला तारा लावून मेंदूचा प्रतिसाद पाहतात, तिथे ढोंग चालत नाही. दोन्ही कान उत्तम. गुन्हा दाखल करून वडिलांना चौकशीला बोलावलं. पहिले दोन तास ते आपल्या ओळखी सांगत होते. मी चहा मागवला आणि म्हटलं, "घ्या. पोराला हाक मारू का आणायला?" त्यानंतर ते खाली बघूनच बोलले.

वारंगा फाट्यावरच्या एका दलालानं काम केलं होतं. परजिल्ह्यातल्या तपासणीला मुलाच्या नावावर खरोखरचा बहिरा माणूस बसवला होता.

"सगळेच करून राहिले," वडील म्हणाले, "मलाच काहून धरलं?"

दलालाला आणि बापलेकांना अटक झाली, दोषारोपपत्र गेलं, वरिष्ठांनी पाठ थोपटली. मुलगा जामिनावर सुटला आणि वडिलांनी त्याला एका खासगी कॉलेजात घातलं.

त्याचा प्रवेश रद्द झाला तोवर बदलीची मुदत कधीच संपली होती. मी स्वतः विद्यापीठात गेले. तिथले अधिकारी सभ्य होते. त्यांनी नियम वाचून दाखवला: या वर्षी तारीख गेली, पुढच्या वर्षी मुलगी तिसऱ्या वर्षाला असेल, आणि तिसऱ्या वर्षाला बदली मिळत नाही. बदलीच्या आशेवर ती घरीच थांबली होती, त्यामुळे जुन्या कॉलेजातली हजेरीही बुडाली. दुसरं वर्ष पुन्हा करायचं तर त्याच लांबच्या कॉलेजात, कारण वर्ष पुन्हा करणाऱ्यालाही बदली नव्हती. तिनं शिक्षण सोडलं.

चोर पकडणं आणि चोरलेलं परत देणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला या प्रकरणानं शिकवलं. पहिल्या कामासाठी आम्हाला पगार, गाडी आणि शाबासकी मिळते. दुसऱ्या कामाला कोणी नेमलेलंच नाही.

मायलेकी शेवटच्या आल्या तेव्हा मी हे सगळं सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"शेळ्या तर तुमी आणून देल्या होत्या," ती म्हणाली.

"शेळ्या मुद्देमाल होता. जागा मुद्देमालात येत नाही."

"मंग आता ती जागा कोणाकडं हाय?"

"कोणाकडंच नाही. रिकामी आहे."

चुलत बहीण सोबत नव्हती, त्यामुळे हे मुलीला कसं सांगावं, ते आईला कळेना. शेवटी तिनं माझ्या टेबलासमोरची रिकामी खुर्ची दाखवली आणि तिच्यावर बसायचं नाही, असा हात हलवला. मुलीनं खुर्चीकडे पाहिलं. मग आधी आईच्या, मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, आम्ही थट्टा करतोय का ते कळावं म्हणून.