सरळ घरी

सिंगापूरला क्वीन्सटाउनमधल्या माझ्या फ्लॅटची एक खोली मी भाड्याने दिली ती ऑफिसमधल्याच एका फिलिपिनो बाईला. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत मी हिशेब बघते आणि ती खलाशांच्या नेमणुका. वयाने माझ्याहून बरीच लहान. पहिल्याच दिवशी तिने मला 'आते' म्हणायला सुरुवात केली. त्यांच्यात मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. मला कुणी ताई म्हणून वर्षं लोटली होती, त्यामुळे मी काही हरकत घेतली नाही.

तिच्याबरोबर तिचं घरही आत आलं. कोपऱ्यात एक भलंमोठं खोकं, सदा अर्धवट भरलेलं. त्यात साबण, टॉवेल, चॉकलेटं, डबाबंद मांस. भरलं की ते बोटीने इलोइलोजवळच्या तिच्या गावी जायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात नवं खोकं उभं राहायचं. ती भात काट्या-चमच्याने खायची. ताट हातात घेतलं की घरात कोणी असो, दारात कुरिअरवाला असो, "या, जेवायला या" म्हणायची. आणि रविवारी सुकी मासळी तळायची. मी शाकाहारी. पहिल्या रविवारी मी सगळ्या खिडक्या उघडून वर पंखा लावला आणि तोंड वाकडं करून बसले. मग सवय झाली. माणसाला कशाचीही होते.

तिचा धाकटा भाऊ इथेच एका हॉस्पिटलात नर्स होता. बुकित पंजांगला चौघांत एक फ्लॅट घेऊन राहायचा. दर रविवारी मासळी खायला यायचा. आला की आधी माझा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावायचा. मोठ्यांना नमस्कार करायची त्यांची रीत. "मी काय म्हातारी आहे का रे?" असं मी दर खेपेला म्हणायचे आणि दर खेपेला हात पुढे करायचे.

तो झोपेतच गेला. संध्याकाळी ड्यूटीवरून आला, जेवून झोपला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी कारण लिहिलं. तिच्या लोकांत मात्र अशा मरणाला वेगळा शब्द आहे, बांगुंगोट. धडधाकट पुरुष झोपेत काहीतरी बघतो आणि परत येत नाही. हे सांगताना ती अगदी शांत होती आणि मला त्याचीच भीती वाटली.

त्याच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत शवपेटी दोन दिवस ठेवली होती. मी रोज संध्याकाळी तिच्याबरोबर जायचे. मयताच्या जागी मी शांतता बघत आलेय, इथे लख्ख दिवे होते, कॉफी-बिस्किटं होती, एका टेबलावर पत्ते चालले होते, कुणी हसतही होतं. मृताला एकटं वाटू नये म्हणून. नियम मात्र कडक. पेटीच्या काचेवर अश्रू पडू द्यायचा नाही. समाचाराला आलेल्यांचे आभार मानायचे नाहीत. तिथलं खाणं घरी न्यायचं नाही. आणि निघालेल्या माणसाला सोडायला जायचं नाही. हा शेवटचा नियम मला फार अवघड वाटला. माझी आई दूधवाल्यालासुद्धा फाटकापर्यंत सोडायला जायची. पाहुणा असला तर थेट एसटी स्टँडपर्यंत.

परतताना दोन्ही संध्याकाळी ती मला वाटेतल्या एका हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सवर, घेऊन गेली. भूक नव्हती तरी बसवलं.

"मयताकडून सरळ घरी जायचं नाही, आते. आधी कुठेतरी थांबायचं. याला पगपग म्हणतात, झटकणं. मागे कोणी आलं असेल तर ते इथेच राहतं."

मी म्हटलं, आमच्यात बरोबर उलटं आहे. मयतावरून दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही, सरळ घरी यायचं, कशालाही न शिवता आधी आंघोळ. तिने आजूबाजूला बघितलं. नूडल्स खाणारी, मोबाईल बघणारी माणसं. "म्हणजे इथे किती जण बसलेले असतील बघ," ती म्हणाली. मी हसले, पण समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पेटी विमानतळाकडे गेली. ती मात्र बरोबर जाऊ शकली नाही. नुकतंच तिच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरलेला होता. तो विरेपर्यंत विमानात बसलीस तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भाऊ सामानाच्या कप्प्यातून एकटा गेला.

त्या दुपारी टॅक्सी हॉकर सेंटरपाशी आली तेव्हा मी सवयीने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. तिने माझा हात धरला. "नको. सरळ घरी."

फ्लॅटचं दार उघडून ती लगेच आत गेली नाही. जरा बाजूला सरकून उभी राहिली, कुणाला पुढे जाऊ द्यावं तशी. मग स्वतः आत आली आणि दार लावलं. मी आंघोळीला निघाले तर म्हणाली, "आज नको, प्लीज." मी तिच्यावर चिडले. घर माझं, विधी माझे आणि तू कोण सांगणार? पण तिचं तोंड बघून मी हातपायही न धुता सोफ्यावर बसले.

दफन झाल्यावर तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. म्हातारी रडत नव्हती. तिने मुलीला काहीतरी विचारलं, मुलीने मान हलवून हो म्हटलं. मी विचारलं, काय म्हणतात?

"आई म्हणते, पेटी आली पण तो आला नाही. मेणबत्तीची ज्योत हलतसुद्धा नाही. तुझ्याकडे आहे का, म्हणाली. मी सांगितलं, आहे. चाळिसाव्याच्या आत घेऊन ये म्हणाली."

त्यांच्यात आत्मा चाळीस दिवस जमिनीवर असतो, मग वर जातो. चाळिसाव्याला तो गावच्या घरात हवा, आईसमोर. नाहीतर जाईल तो परक्या गावातून, निरोप न घेता. आता सगळा प्रश्न बुडबुड्याचा होता. रोज सकाळी ती एक डोळा झाकून भिंतीकडे बघायची आणि बुडबुड्याची कड कुठवर आली ते मला सांगायची. मीही ऑफिसला निघताना तेच विचारायचे. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण त्या दिवसांत मी देवापुढे बसून एका बुडबुड्यासाठी हात जोडले आहेत.

टेबलावर तिसरं ताट मांडलं जाऊ लागलं. रविवारी त्यावर तळलेली मासळी. मी एकदाही नाक मुरडलं नाही.

अशाच एका रविवारी जेवताना ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाली, "त्यांना वास आवडत नाही वाटतं."

"कुणाला?"

"त्या आजींना. मासळी तळायला घेतली की खिडकीशी जातात. एरवी इथे दाराशी खाली बसतात. अशा." खुर्चीवरच तिने एक गुडघा वर घेऊन दाखवला आणि दोन्ही हात पुढे धरून खालीवर केले. "काहीतरी करत असतात."

विळीवर भाजी चिरताना आई तशीच बसायची. माझ्या घरात विळी नाही. आईचा फोटोही नाही. तो मी कपाटात कपड्यांखाली ठेवून दिलाय, कारण मला तो बघवत नाही. आई पुण्यात वारली तेव्हा कोविडमुळे विमानं बंद होती. मी सगळं फोनवर बघितलं, याच टेबलाशी बसून. आणि फोन ठेवल्याबरोबर आम्ही लोक जे करतो तेच केलं. डोक्यावरून आंघोळ केली. त्यानंतर आई मला कधी स्वप्नातही दिसली नव्हती.

मी तिला म्हटलं, तुझ्या डोळ्यात बुडबुडा आहे, सावल्या दिसणारच. "असेल," ती म्हणाली आणि जेवायला लागली. मी दाराकडे बघितलं. तिथे फरशी होती, दुसरं काही नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

चाळिसाव्याला थोडेच दिवस उरले असताना बुडबुडा विरला. डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच संध्याकाळचं तिकीट काढलं. भावाचे कपडे खोक्यात भरले, दोरी बांधली. मी सोडायला निघाले. टॅक्सीत मी पुढे बसले. मागे ती खिडकीला चिकटून बसली, उरलेली सीट मोकळी सोडून. घरातलं दूध संपलं होतं, वाटेत दुकानाशी एक मिनिट थांबू या का, असं मी म्हणाले तर तिने जोरजोरात मान हलवली. "कुठेच नाही, आते. तो उतरून जाईल." मग मला वाटेतला प्रत्येक लाल सिग्नल जड गेला.

चांगी विमानतळावर खोकं सामानात देऊन झाल्यावर तिने माझा हात घेऊन कपाळाला लावला. तिचा भाऊ लावायचा तसा, तिने स्वतः त्याआधी कधी लावला नव्हता. मग तिने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि सहज सांगितल्यासारखं म्हणाली, "आजीपण आल्यात. आम्हाला सोडायला."

मला मागे वळायचं धाडस झालं नाही.

"परत नेशील ना त्यांना?" एवढं म्हणून ती आत जायला निघाली. दाराशी ती जरा बाजूला सरकून थांबली आणि मग दिसेनाशी झाली.

परतीच्या टॅक्सीत मी मागे बसले, खिडकीला चिकटून. ड्रायव्हर म्हातारा चिनी होता. क्वीन्सटाउन जवळ आल्यावर इथल्या ढंगात म्हणाला, "आंटी, पेट्रोल भरून घेऊ? दोन मिनिटं, लाह."

"नको," मी म्हटलं. "सरळ घरी."

दूध घेतलं नाही. लिफ्टमध्ये मी कडेला उभी राहिले. वर येऊन दार उघडलं आणि जरा बाजूला सरकून थांबले. मग आत आले, दार लावलं, आणि हातपाय न धुता स्वयंपाकघराच्या दाराशी खाली फरशीवर बसले.