यादीतलं पहिलं नाव

माझ्या मोबाइलवर शेअरच्या तीन याद्या आहेत. पहिलीत मी घेतलेले शेअर. दुसरीत घ्यावेत की नाही, असे मनात घोळत असलेले. सिमेंटच्या तीन-चार कंपन्या एकाखाली एक लावायच्या, कोणावर कर्ज किती, नफा दरवर्षी येतो की एखाद्याच वर्षी उगवतो, त्या मानाने भाव महाग की स्वस्त, हे महिनोन्‌महिने ताडून बघायचं आणि पटलं तर थोडे घ्यायचे. मंडईत काही घेण्याआधी मी एक रिकामी फेरी मारते, तसंच हे. आमच्या ह्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. मंडईतली फेरीही त्यांना तशीच वाटते, पण वांगी किडकी निघाली की ऐकून मला घ्यावं लागतं.

तिसरी यादी मात्र वेगळी आहे. तिच्यात माझा ज्यांच्यावर संशय आहे अशा कंपन्या. धंदा नक्की काय ते कळत नाही, मालकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकलेले, आणि भाव तरी रोज चढतोय. यातला एकही शेअर मी कधी घेणार नव्हते. पण हे बिंग कधी फुटतं, ते मला बघायचं असतं. माझा स्वभावच तसा आहे. सरळ माणसाकडे माझं लक्ष नसतं आणि लबाडावरची नजर हटत नाही. म्हणून जी सगळ्यात संशयाची, ती या यादीत सगळ्यात वर. रोज सकाळी चहा घेताना मी आधी हीच यादी उघडते.

हे घरात कोणाला सांगायची वेळ कधी आली नव्हती. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

गेले काही महिने माझी नणंद आमच्याकडे वारज्याला वरचेवर राहायला येत होती. ह्यांची थोरली बहीण, मी त्यांना वन्सं म्हणते. लग्न होऊन पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला गेल्या, यजमान गेल्यापासून तिथंच मुला-सुनेकडे असतात. मुलगा वाईट नाही, पण आईने तोंड उघडलं की तो म्हणणार, "आई, तुला त्यातलं काही कळायचं नाही." गॅसच्या सिलिंडरपासून बँकेपर्यंत सगळ्याला हेच. वन्संना स्वतःचं घर हवं होतं, स्वतःच्या किल्लीचं. वाटणीच्या जमिनीचे पैसे त्यांच्या नावावर होते, आणि आमच्या मागच्या गल्लीत एक जुनं वन रूम किचन विकायला निघालं होतं. शनिवारी बयाणा द्यायचं ठरलं. मुलाला सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, आधी पैसे नीट सांभाळून दाखव, मग घराचं बघू.

त्याच आठवड्यातल्या एका सकाळी मी फोन उघडला आणि तिसऱ्या यादीतलं पहिलं नाव लाल झालेलं दिसलं. दिवसभरात जेवढं पडू देतात तेवढा भाव बाजार उघडताच पडला होता आणि तिथंच अडकला होता. विकणाऱ्यांची ही रांग, आणि घेणारा एकही नाही. याला खालचं सर्किट म्हणतात.

"पडली एकदाची," मी म्हणाले. मला आनंद झाला होता आणि तो मी लपवला नाही. माझा अंदाज बरोबर निघाला की मला असाच होतो.

वन्सं समोर चहा घेत होत्या. त्यांनी कोणती म्हणून विचारलं. मी फोन पुढे केला. त्यांनी कप बशीत ठेवला, पर्समधून स्वतःचा फोन काढला आणि माझ्यासमोर सरकवला. त्यावर तीच कंपनी होती. शेअर किती घेतलेत तो आकडा मी दोनदा वाचला. घराच्या पैशातला मोठा हिस्सा त्यात गेला होता.

मी विचारलं, हे का घेतलंत.

"तू रोज सकाळी आधी हीच बघतेस," त्या म्हणाल्या. "सगळ्यात वर ठेवली आहेस. आणि रोज चढत होती."

त्यात चूक काढायला जागाच नव्हती. घरातली हुशार बाई ज्याच्याकडे सगळ्यात जास्त वेळ बघते, ते चांगलंच असणार, असा त्यांचा हिशोब. घराचा नवा ओटा आणि रंगकाम त्या वाढीतून निघेल असं त्यांना वाटलं होतं. मला खूप राग आला. त्यांचा आला, न विचारल्याचा आला, आणि माझ्या त्या मेल्या यादीचाही आला. पण रागवायला वेळ नव्हता. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता विकायला लावू, रांगेत नंबर तर लागेल.

तिथं दुसरं कोडं निघालं. शेअर घेताना फक्त फोनचा पिन लागला होता, पण विकताना परवानगीसाठी मोबाइलवर एक आकडा येतो, ओटीपी. खातं मुलाने उघडून दिलं होतं, वडिलांचे जुने शेअर आईच्या नावावर करायला. आणि उघडताना आपल्या आयांना काय कळणार म्हणून मुलं करतात तेच त्यानेही केलं होतं. मोबाइल नंबर स्वतःचा दिला होता. आकडा जाणार होता मांजरीला, त्याच्या फोनवर.

वन्संनी फोन पालथा घातला. "राहू दे. चढेल परत," म्हणाल्या.

मी सांगितलं की चढणार नाही. त्या म्हणाल्या, तुला काय माहीत. मी म्हटलं, मला एवढंच माहीत आहे. नंतर दिवसभर आम्ही एका घरात दोन भाडेकरूंसारख्या वावरलो. त्यांनी मेथी निवडली, मी कपडे वाळत घातले, आणि दोघींच्याही डोक्यात तीच रांग. मुलाला विचारायचं म्हणजे त्याचं वाक्य खरं करून दाखवायचं आणि घराचं नाव सोडायचं, हे त्यांना कळत होतं. न विचारावं तर घराचे पैसे रोज थोडे थोडे जाणार, हे मला कळत होतं. ह्यांना सांगू का विचारलं, तर नको म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही बाजार उघडताच भाव पुन्हा तळाला जाऊन बसला. वन्संनी माझ्या फोनकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्या देवघराकडे वळल्या.  

तिसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आधीच त्या टेबलाशी येऊन बसल्या. त्यांच्या फोनवर मी परवानगीचं पान उघडून ठेवलं. बोलायला त्यांनी माझा फोन मागून घेतला आणि मुलाला लावला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"बोला मामी," तो म्हणाला.

"मामी नाही, मी आहे. तुझ्या फोनवर एक आकडा येईल तो सांग."

त्याने कसला आकडा म्हणून विचारलं.

"मी शेअर घेतले होते. घेताना चुकले. आता विकतेय."

 मग त्याने नेमकं तेच विचारलं ज्याची मला धास्ती होती. हे तुला कोणी सांगितलं घ्यायला? मी खिडकीबाहेर बघायला लागले. गेली कित्येक वर्षं या बाईंच्या प्रत्येक वाक्यात मी टोमणा शोधत आले. सणावारी त्या काय म्हणतील, भाजीला नावं कशी ठेवतील, यावर माझी नजर असायची. मनातल्या मनात मी त्यांना कुठल्या यादीत आणि कितव्या नंबरवर ठेवलं होतं, ते मला ठाऊक होतं.

"कोणी नाही," वन्सं म्हणाल्या. "पैसे माझे, चूक माझी. आकडा सांग, वेळ जातोय."

त्याने आकडा सांगितला. मी तो भरला, विकायचा सौदा रांगेत लावला. बाजार उघडला. भाव पुन्हा तळाला. बराच वेळ काहीच हललं नाही. वन्सं पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मग कोण घेणारा आला देव जाणे, थोडे गेले, आणखी थोडे गेले, आणि शेवटी सगळे गेले. घरापुरते पैसे वाचले. रंगकाम आणि नवा ओटा गेला.

मला रडू आलं. मी त्यांना म्हटलं, वन्सं, माझं नाव सांगितलं असतंत तरी चाललं असतं. त्यांनी थंड झालेला चहा परत गरम करायला ठेवला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "वाईट कंपन्या खाली ठेवत जा. घरात माणसं येतात-जातात."

शनिवारी आम्ही मागच्या गल्लीत गेलो. मुलगा आला नव्हता, पण सकाळी त्याचा फोन येऊन गेला होता, कागद वाचल्याशिवाय सही करू नकोस म्हणून. भिंतीचे पोपडे निघालेले, ओटा जुन्या कडाप्प्याचा, पण खिडकीतून ऊन थेट आतपर्यंत येत होतं. विकणाऱ्या आजोबांनी वन्संकडे चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "आपल्याबरोबर घरचं जाणतं कोणी आलंय का?"

वन्संनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही काय, माझी भावजय. शेअरबाजारातलं हिला फार कळतं."

चेहऱ्यावरची रेषही हलली नाही त्यांच्या. इतकी वर्षं वाट पाहिलेला टोमणा अखेर आला, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी पर्समधून पेन काढून त्यांच्या हातात दिलं.