मागल्या सालचा चहा

जमीन अजून किती वर्षं पिकेल, हे तपासायला शेतकी खात्याचे साहेब आमच्या रेणापूरकडच्या शिवारात येतात. चपला बांधावर काढतात, ढेकूळ फोडून हुंगतात आणि “हाय, जीव हाय” म्हणत खुलतात. मग आखाड्यावर, शेतातल्या आमच्या घरी, येऊन हक्कानं गोड चहा मागतात.

मागल्या साली आम्ही ऊस तोडून उरलेलं वाळकं पाचट पेटवलं. काळं रान बघून साहेब रागावले नाहीत. मी चहा विचारला, तर “नको” म्हणून निघून गेले. ते मला लई लागलं.

यंदा पाचट सरीतच कुजू दिलं. परवा साहेबांनी ते बाजूला सारलं, तर खाली गांडूळ वळवळलं. त्यांनी त्याला हलक्या हातानं पुन्हा झाकलं आणि तिथूनच मला हाक दिली, “वैनी, च्या टाका! मागल्या सालचा बी राहिलाय!”